पंतोजींचा आवाज बसला ते साल

अकोल्यात मोर्णेच्या काठी एक धर्मशाळा होती. तिच्या पडवीत पुंजाराम पंतोजींची शाळा भरायची. शेणाने सारवलेली जमीन, धूळ पसरून काडीने अक्षरं गिरवायच्या, भिंतीशी रचून ठेवलेल्या धूळपाट्या आणि वाशात खोचलेली निरगुडीची छडी, एवढीच काय ती शाळा.

पंतोजी जातीचे माळी. गावाच्या खालच्या अंगाला बापाचा पेरूचा आणि शेवंतीचा मळा होता. लहानपणी पुंजारामाला काम एकच, पेरूवरचे राघू हाकलायचे. दिवसभर माचीवर उभं राहून ओरडता ओरडता त्याचा आवाज असा तयार झाला की नदीपलीकडची गुरं चरता चरता मान वर करायची. पुढे एका म्हाताऱ्या कारकुनाच्या घरी देवाची फुलं पोचवायला जाता जाता पोरगा मोडी लिहायला आणि हिशेब मांडायला शिकला. कारकुनाला मूलबाळ नव्हतं, वेळ होता, आणि पोरगा चिवट होता. वयात आल्यावर त्याने धर्मशाळेत शाळा घातली. कुणी ज्वारी द्यायचं, कुणी तुरीची डाळ. मळ्याची भाजी बायको मनकर्णा बाजारात विकायची. संसार चालला होता.

शाळेची रीत त्या वेळी सगळीकडे होती तीच होती. सकाळी जो पोरगा पहिला येई त्याच्या तळहातावर पंतोजी बोटाने ‘श्री’ काढत. दुसऱ्याला एक छडी, तिसऱ्याला दोन, असं करत करत शेवटच्याचे हात ओनामा गिरवायच्या आधीच लाल झालेले असत. कुणी हललं की पंतोजींची एक गर्जना होई आणि पडवी दगडासारखी गप्प बसे. आईबापांना ते आवडायचं. नदीवर धुणं धुणाऱ्या बायांना गर्जना ऐकू आली की शाळा नीट चालली आहे असं त्या समजत. पोराला शाळेत घालायला आलेला बाप हात जोडून सांगे, “हाडं तेवढी आमची राहू द्या, बाकी सारं तुमचं.” यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नव्हतं. पंतोजींनाही नाही.

मग कापसाचे दिवस आले. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली आहे, तिकडचा कापूस विलायतेला जाईना झालाय, म्हणून आपल्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आलाय, एवढंच अकोल्यातल्या लोकांना ठाऊक होतं. बाजाराच्या मैदानात गाड्यांना गाडी लागली. ज्यांच्या बैलांना कधी धड झूल नव्हती त्यांनी शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. खुशालराव म्हणून एक मोठे अडते होते. त्यांच्या काट्यावर मापाची आरोळी द्यायला दमदार गळ्याचा माणूस हवा होता. एवढ्या कालव्यात शेतकऱ्यालाही ऐकू गेलं पाहिजे आणि लिहिणाऱ्यालाही. त्यांना पंतोजींचा गळा आठवला.

पंतोजी सकाळी शाळा घ्यायचे आणि दुपारी काट्याशी उभे राहायचे. “लाभ!” म्हणून ते पहिला बोजा पुकारत, मग दोन, तीन, चार, दिवस मावळेपर्यंत. हवेत सरकीची भुसकटं आणि कापसाचे तंतू उडत असायचे, ते नाकातोंडात जायचे. पण खुशालराव हात सैल ठेवून देत, आणि मनकर्णेच्या हातात पहिल्यांदा चांदीचे गोठ आले. असा एक हंगाम गेला. दुसऱ्या हंगामात, माघाच्या थंडीत, पंतोजींना ताप भरला. ताप उतरला तेव्हा ते पाणी मागायला तोंड उघडून बसले आणि आवाजच निघाला नाही. नुसती फुंकर आली.

मनकर्णेने हळद-दूध दिलं, ज्येष्ठमध दिलं, अडुळशाचा काढा दिला. काही उपयोग होईना. त्यांची लेक कौशल्या अमरावतीला दिली होती. तिच्या घरी जायचं ठरलं, कारण अमरावतीत गळ्याच्या दुखण्यावर इलाज करणारा एक हकीम होता. कापसाच्या गाड्यांच्या रांगेतून बैलांची दमणी काढत काढत दोघं तिथे पोचली. हकिमाने आरशाचा कवडसा पाडून घसा पाहिला आणि सांगितलं की गळा सोलवटून निघालाय. अजिबात ओरडायचं नाही. बोलायचंच झालं तर शेजारच्या माणसाला ऐकू जाईल इतकंच. आवाज येईल तेव्हा येईल, आणि नाही आला तर खुदाची मर्जी.

परत आले तोवर काट्यावर दुसरा माणूस उभा राहिला होता. त्याचं पंतोजींना फार वाईट वाटलं नाही. शाळेचं वाटलं. ते नव्हते तेवढ्या काळात ज्या पोरांना शंभरापर्यंत मोजता येत होतं ती सगळी बाजारात बोजे मोजायच्या कामाला लागली होती. राहिली होती बिगारीतली, आईचा पदर नुकताच सुटलेली पाच-सहा वर्षांची चिल्लीपिल्ली. त्यांना गप्प बसवायला आता पंतोजींजवळ गर्जना नव्हती.

पहिल्या दिवशी पोरांनी थोडा वेळ वाट पाहिली. गुरुजी ओरडत नाहीत हे कळल्यावर एकाने दुसऱ्याच्या डोक्यावर पाटीतली धूळ ओतली. मग सगळ्यांनीच ओतली. जानराव पाटलांचा सहदेव सगळ्यांत दांडगा. त्याने शेजारच्याचा खांदा चावला. पंतोजींनी छडी काढली आणि सहदेवाच्या पाठीत दिली. सहदेवाने भोकाड पसरलं. त्याचं पाहून दुसरं रडलं, तिसरं रडलं, आणि सगळी पडवी रडू लागली. आधी अशा वेळी एक आरोळी दिली की रडणं तोंडातल्या तोंडात विरून जायचं. आता पंतोजी छडी हातात घेऊन तोंड उघडत होते आणि काहीच ऐकू येत नव्हतं. नदीवरच्या बाया वर येऊन पाहू लागल्या. पंतोजींनी छडी वाशात खोचली, खाली बसले आणि पोरं रडून थकेपर्यंत बसूनच राहिले.

घरी आल्यावर त्यांनी मनकर्णेजवळ बसून सांगितलं की शाळा बंद करतो आणि मळ्याचं बघतो. ती वांग्यांच्या टोपल्या भरत होती. ती म्हणाली, मळ्यात तुमचं काही अडलं नाही, पण लोकांनी वर्षाची ज्वारी आधीच आणून टाकली आहे, तेव्हा वर्ष तरी पुरं करा.

म्हणून दुसऱ्या दिवशी ते गेले. आज कुणाला काही म्हणायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पोरांचा गोंधळ चालू होता. कोपऱ्यात भगवंता नावाचा एक अबोल पोरगा एकटाच ‘अ’ गिरवत होता. त्याच्याबरोबर त्याची मोठी बहीण वच्छला यायची. पोरीला शाळा नव्हती, पण भाऊ तिचं बोट सोडत नसे, म्हणून ती पायरीवर बसून असायची. पंतोजींना बसायला जागा हवी होती, आणि शांत असा तेवढा एकच कोपरा होता. ते भगवंताच्या शेजारी जाऊन बसले. पोराने अंग चोरलं. पंतोजींनी पाटीत पाहिलं. ‘अ’चा काना सरळ आला होता. अगदी ओळंब्यात. ते वाकले आणि पोराच्या कानाशी म्हणाले,

“काना सरळ काढला तू. हात थरथरला नाई.”

भगवंताचे कान लाल झाले. त्याने धूळ सारखी केली आणि पुन्हा ‘अ’ काढला. मग पुन्हा. शेजारचा पोरगा धूळ उडवायची थांबवून विचारू लागला, गुरुजी काय म्हणाले? भगवंता सांगेना. त्याने मान हलवली आणि लिहीत राहिला. थोड्या वेळाने शेजारच्याने आपली पाटी समोर ओढली, दोन रेघा मारल्या आणि पंतोजींकडे टक लावून बसला.

पंतोजी उठून त्याच्याजवळ गेले. असं करत करत दुपार झाली. शाळा सुटायच्या वेळी त्यांच्या ध्यानात आलं की बराच वेळ पडवीत कुणी कुणाला मारलेलं नाही. हे कशामुळे झालं हे त्यांना नीटसं कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशीही ते तसेच एकेकाजवळ जाऊन बसले.

सुरुवातीला चुकाही झाल्या. काम सोपं व्हावं म्हणून ते प्रत्येकाच्या कानात ‘शाब्बास’ म्हणत फिरू लागले. दोन-चार दिवसांत पोरांना त्याचं काही वाटेनासं झालं. धूळ पुन्हा उडू लागली. एक दिवस वच्छला पायरीवरून उठून आली आणि म्हणाली, “गुरुजी, तुमी साऱ्याईले तेच म्हन्ता. भगवंत्याले इचारलं, थो म्हन्ते मले बी शाब्बासच म्हटलं.”

पंतोजींना पोरीचा राग आला नाही. उलट हसू आलं. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं की पोराने खरोखर काही केलेलं दिसल्याशिवाय बोलायचं नाही, आणि बोलायचं ते त्याने केलेल्याच गोष्टीचं. मग बघावं लागे. वर्षानुवर्षं ते पडवीत कोण हलतंय, कोण चुकतंय एवढंच बघत आले होते. आता कोणी दुसऱ्याला जागा करून दिली, कोणी पाणी पिऊन लोटा उपडा ठेवला, कोणी रडणाऱ्याचं नाक आपल्या टोपीने पुसलं, हे सगळं दिसू लागलं. इतकी वर्षं आपल्याला हे कधी दिसलं कसं नाही, याचं त्यांना नवल वाटे.

गळा जपायचा म्हणून बोलणंही कमी झालं. आधी चिखलाचे पाय घेऊन येणाऱ्याला ते कुळी उद्धारून बोलत. आता “पाय धुवून ये” एवढंच म्हणत, आणि पोरगा धुवून येई. शाळेच्या दारात छड्या मोजणंही आपोआप सुटलं. जो येईल त्याच्या तळहातावर ते ‘श्री’ काढू लागले. उशिरा येणारे लवकर येऊ लागले, कारण ‘श्री’ काढताना गुदगुल्या व्हायच्या. वच्छलेलाही त्यांनी एक पाटी दिली. कुणी हरकत घेतली नाही. सगळे बाप बाजारात होते.

राहिला सहदेव. तो अजून चावायचा. त्याच्या कानात सांगण्यासारखं पंतोजींना काही सापडेना. खोटं बोलायचं नाही हे ठरलेलं. बरेच दिवस ते त्याच्यावर नजर ठेवून होते. मग एका सकाळी ते शाळेत लवकर पोचले तर सहदेव एकटाच आधी आला होता. पडवीत उकिडवा बसून तो आपल्या पाटीतली धूळ चिमटीचिमटीने निवडत होता. प्रत्येक खडा काढून बाजूला ठेवत होता. खडा असला की काडी अडते आणि अक्षर वाकडं होतं, हे त्याचं त्यालाच कळलं होतं, आणि इतरांच्या पाट्यांत खडे आहेत म्हणून तो त्यांच्यावर चिडायचाही.

पंतोजी त्याच्याजवळ बसले. मार बसेल म्हणून सहदेवाने खांदे वर केले.

“तुह्या पाटीतली धूळ साऱ्या शाळेत बारीक हाय,” पंतोजी कानाशी म्हणाले. “एकही खडा नाई. बाकीच्याईच्या पाट्याईची धूळ तू करून देशील?”

सहदेवाने पाटीतली धूळ बोटाने सपाट केली. दुसऱ्या दिवशी तो घरून पिठाची चाळणी घेऊन आला. रोज सकाळी तो सगळ्यांची धूळ चाळायचा आणि पाटीपाटीत टाकायचा. टाकताना प्रत्येकाला दम द्यायचा की सांडायची नाही. पण चावणं कमी झालं. बंद झालं नाही. एकदा कुणीतरी त्याच्या चाळणीला पाय लावला तेव्हा त्याने त्याची पोटरी दातांत धरलीच. पंतोजींनी त्याला बाजूला नेऊन बसवलं, राग निवेपर्यंत जवळ बसून राहिले, आणि मग दोघांनी मिळून सांडलेली धूळ भरली.

चाळणीमुळे जानराव पाटील शाळेत आले. घरी चाळणी सापडेना, पाटलीणबाईंनी सगळं घर पालथं घातलं, शेवटी कुणीतरी सांगितलं की पोरगा घेऊन जातो. जानराव तसेही शाळेवर नाराज होते. नदीवर आता गर्जना ऐकू येत नव्हती. ही शाळा आहे की मठ, असं ते चारचौघांत म्हणत. ते तरातरा पडवीच्या दाराशी आले आणि तिथेच थांबले. आत सहदेव चाळणी घेऊन धूळ पाडत होता. भगवंता त्याच्या हाताशी पाटी धरून उभा होता. मागून एका पोराचा धक्का लागला आणि धूळ जमिनीवर सांडली. सहदेवाचा हात वर गेला. जानराव पाहत राहिले. हात थोडा वेळ वरच राहिला, मग सहदेवाने तो आपल्या सदऱ्याला पुसला आणि खाली बसून धूळ गोळा करू लागला.

पंतोजी उठून बाहेर आले. जानराव पाटलांनी त्यांना आंब्याच्या झाडाखाली नेलं. चाळणीचा विषय त्यांनी काढला नाही.

“पंतोजी, घरी थो कोनाचं आयकत नाई. काल त्यानं गड्याच्या हाताले चावा घेतला. तुमी त्याच्या कानात काय मंत्र टाकता?”

“मंत्र कायचा पाटील,” पंतोजी म्हणाले. जानरावांना ऐकायला वाकावं लागलं. “त्यानं जे चांगलं केलं असते थेच त्याले सांगतो. माह्या पदरचं काई नसते त्यात.”

“चांगलं? थो करते काय चांगलं?”

“मले बी दिसत नव्हतं. बसून पाहा लागते.”

जानरावांनी रस्त्यात उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे, चांदीच्या शेंब्यांच्या बैलांकडे पाहिलं. गाडी कापसाने भरलेली होती आणि गडी खोळंबला होता. मग त्यांनी विचारलं की थोडा वेळ इथे बसलं तर चालेल का. ते पायरीवर बसले, अंगावर जरीचा रुमाल, आणि शाळा सुटेपर्यंत हलले नाहीत. निघताना त्यांनी सहदेवाला जवळ बोलावलं, त्याच्या पाठीवर बैलाला मारावी तशी थाप मारली आणि मोठ्याने ‘शाब्बास’ म्हणाले. पोरगा पुढे कोलमडला आणि घाबरून बापाकडे बघायला लागला. जानराव ओशाळले. मग ते गुडघ्यावर टेकले, रुमाल धुळीत लोळला, आणि पोराच्या कानाशी काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते पंतोजींना ऐकू आलं नाही. सहदेव मात्र गाडीत बापाच्या शेजारी बसून गेला. चाळणी शाळेतच राहिली. पाटलांच्या घरी दुसरी आली.

दिवाळीच्या सुमारास पंतोजींचा आवाज परत आला. अंगणात म्हैस सुटली म्हणून त्यांनी मनकर्णेला हाक मारली आणि हाक खरोखरच बाहेर पडली. जाडसर होती, पण हाक होती. मनकर्णा हातातली कोथिंबीर टाकून धावत आली. म्हैस तोवर शेवंतीत शिरली होती, तरी दोघं हसत सुटली.

त्या आनंदात ते शाळेत गेले. पोरं गलका करत होती. पंतोजींनी छाती भरून घेतली आणि पूर्वीसारखी गर्जना केली, “गप्प!”

पडवी गप्प झाली. भगवंताच्या हातातली काडी पडली. वच्छलेने भावाला जवळ ओढलं. सहदेवाने खांदे वर केले. सगळी तोंडं पंतोजींकडे वळली होती आणि त्या तोंडांवर जे होतं ते त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, पण आज ते त्यांना बघवेना. त्यांनी घसा खाकरला. ते जाऊन पोरांच्या मध्ये बसले आणि हळू आवाजात सांगितलं की माझा गळा बरा झालाय, आणि तो कसा वाजतो ते मी पाहत होतो, आता पुन्हा पाहणार नाही.  मग सहदेव म्हणाला, “गुरुजी, म्हैस आली असं वाटलं मले.” आणि पडवीभर हसू फुटलं.

खुशालरावांनी निरोप पाठवला की काट्याची जागा तुमचीच आहे. पंतोजींनी कळवलं की गळ्याला आता झेपायचं नाही. ते अर्धं खरं होतं.

पुढे लढाई संपली, कापसाचा भाव उतरला, आणि बाजारात गेलेली मोठी पोरं परत शाळेत आली. त्यांना जुनी रीत आठवत होती. ती दाराशी हात पुढे करून उभी राहिली, आणि तळहातावर ‘श्री’ आला तेव्हा एकमेकांकडे बघू लागली. त्यांना नवी रीत धाकट्यांनीच शिकवली. नंतर सरकारी शाळाखातं वऱ्हाडात आलं. धर्मशाळेतली शाळा त्यात गेली आणि रामराव नावाचे परीक्षा पास झालेले तरुण हेडमास्तर नेमले गेले. त्यांनी अदबीने विचारलं की पंतोजी, तुम्हाला कोणता वर्ग घ्यायला आवडेल. मोठ्या वर्गाला मान होता, पगारही बरा होता. पंतोजींनी बिगारी मागितली. रामरावांना वाटलं, म्हातारे लाजताहेत, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. पंतोजींचं उत्तर तेच राहिलं.

त्यांनी एकच अट घातली. बिगारीचा वर्ग शाळेच्या इमारतीच्या पूर्वेकडच्या ओसरीत बसावा. रामरावांनी मान्य केलं. थंडीच्या दिवसांत तिथे सकाळीच ऊन येई, पोरं पाट्या मांडीवर घेऊन त्या उन्हात सरकून बसत, आणि पंतोजी त्यांच्यातच कुठेतरी पाठ शेकत बसलेले असत.